काखेतल्या जादा स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, आता हात किती हलवू?

सागरवेळ | १० जून, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरेच दिवस, लिहिते आज पहिल्यांदाच. विषय बोलायला जरा अवघड आहे पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या दोन्ही काखांत जादा स्तनाचा टिश्यू होता, डॉक्टर त्याला ॲक्सिलरी ब्रेस्ट म्हणतात. नववी-दहावीत असल्यापासून थोडा फुगवटा होता, पाळी जवळ आली की ठणकायचा. दुसऱ्या बाळंतपणात तिसऱ्या दिवशी दूध भरलं तेव्हा दोन्हीकडे लिंबाएवढ्या कडक गाठी झाल्या, हात अंगाला टेकवता येईना. आता मुलगी ३ वर्षांची आहे पण फुगवटा काही पूर्ण बसला नाही. ब्लाउजची शिवण तिथेच काचायची, उन्हाळ्यात घामाने सोलवटून निघायचं. शेवटी सुट्टी साधून १ जूनला दोन्ही बाजूंचं ऑपरेशन एकदम केलं. पूर्ण भूल दिली, एक रात्र ठेवलं, ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, पाचव्या दिवशी काढले.

आज नववा दिवस. आमच्या सासूबाई फार मायेच्या आहेत, पण टाके उसवतील या भीतीने त्यांनी माझे दोन्ही हात ओढणीने अंगाशी बांधून ठेवलेत. नवरा म्हणतो व्यायाम केला नाहीस तर खांदा आखडेल. डॉक्टर म्हणाले "थोडा थोडा हलवा". आता थोडा म्हणजे किती हो? आणि दंडाच्या आतल्या बाजूला हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखं वाटतं, तो बधिरपणा जातो का?

मी वेंगुर्ला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, दोन शिक्षकी शाळा. १५ तारखेपासून शाळा सुरू होते आहे आणि मला फळ्यावर लिहायचं असतं, त्यामुळे हाताचीच जास्त काळजी. त्यात मिरग लागला, हवा ओली झाली, काखेत पट्टी आणि वरून तो घट्ट जॅकेटसारखा बेल्ट. ज्यांनी यातून गेलंय त्यांनी प्लीज सांगा.

आबोली_रत्नांग्री | १० जून, दुपारी १२:०५

सागरवेळ, आधी ती ओढणी सोड. सासूबाईंना रागावू नकोस, माझ्या आईनेही हेच केलं होतं आणि मी दोन आठवडे तशीच बसले, मग खांदा असा आखडला की केस विंचरताना डोळ्यांतून पाणी यायचं. माझं ऑपरेशन ३ वर्षांपूर्वी झालं, एकाच बाजूचं, उजव्या.

पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त कशाने त्रास झाला असेल तर उठताना. अंथरुणातून उठताना आपण नकळत हातावर जोर देतो ना, तो द्यायचा नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि पायांच्या, पोटाच्या जोरावर उठायचं. तुझ्या दोन्ही बाजूंचं झालंय म्हणजे टेकायला चांगला हातच नाही, तेव्हा कुणीतरी पाठीला हात दिलेला बरा. झोपताना पाठीवर, डोक्याखाली दोन उशा म्हणजे अर्धवट बसल्यासारखं, आणि दोन्ही दंडांखाली एकेक चादरीची वळकटी. हात अंगापासून जरासा सुटा राहतो, काखेला वारा लागतो आणि ठणका निम्म्यावर येतो.

बधिरपणाचं म्हणशील तर मला साधारण ८ महिने होता. आधी नुसतं लाकूड, मग मुंग्या, मग मधेच वीज चमकल्यासारखी कळ. मी घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले नस जागी होते आहे, होऊ द्या. आता दोन बोटांएवढा तुकडा बधिर उरलाय, लक्षातही येत नाही.

कोकमआगळ | १० जून, दुपारी १२:३१

हात मोकळे झाले की पहिल्यांदा त्या सासूबाईंना मिठी मारा, पण कोपरापासूनच. :) लवकर बऱ्या व्हा बाई.

खायला काय देतायत ते सांगा. आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की लोक आधी मासे बंद करतात.

वाशिष्ठीकाठची | १० जून, दुपारी २:४५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चिपळूणला. स्तनाच्या ऑपरेशननंतरचे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, आतून किती काढलंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

हात बांधणं नको आणि ताणणंही नको. पहिल्या दिवसापासून मूठ उघडझाप, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं-सरळ करणं, खांदे कानाकडे उचलून सैल सोडणं, हे सगळं चालतं. हाताने जेवायचं, चहाचा कप उचलायचा, चेहरा धुवायचा. मात्र दंड खांद्याच्या रेषेच्या वर साधारण १० ते १४ दिवस न्यायचा नाही, म्हणजे समोर हात केला तर जमिनीला समांतर, त्याच्यावर नाही. काखेची कातडी पातळ आणि सतत हलणारी, तिथला टाका ओढला गेला तर जखम उकलते आणि आत पाणी साचतं.

टाके तपासून डॉक्टरनी हो म्हटलं की मग भिंत. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांची टोकं भिंतीवर ठेवायची आणि मुंगी चढते तशी बोटं वर चढवायची. ताण जाणवला की थांबायचं, ५ आकडे मोजायचे, तशीच खाली उतरवायची. जिथपर्यंत पोचलात तिथे पेन्सिलीने खूण. असं ५ वेळा, दिवसातून ३ वेळा. दुसऱ्या दिवशी खूण बोटभर वर गेली तर उत्तम, नाही गेली तरी हरकत नाही. ओढल्यासारखं वाटणं चालेल, सुरी फिरल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद. आणि पाठीवर झोपून छत्री दोन्ही हातांत आडवी धरायची आणि हळूहळू डोक्याकडे न्यायची, हा व्यायाम तर पावसात घरोघरी जमतो.

वजन मात्र ४ ते ६ आठवडे उचलायचं नाही. भरलेली कळशी नाही, गॅसचा सिलिंडर नाही, आणि ३ वर्षांची मुलगीही नाही. तुम्ही खाली बसा, तिला मांडीवर येऊ द्या.

रोखठोक_मी | १० जून, दुपारी ४:१०

राग मानू नका पण प्रश्न विचारतो. गाठ कॅन्सरची नव्हती ना? मग एवढं कापाकापी कशाला? आमच्या गावात कितीतरी बायकांना काखेत असा फुगवटा असतो, कुणी ऑपरेशन करत नाही. वजन कमी केलं असतं तर गेला नसता का?

आबोली_रत्नांग्री | १० जून, दुपारी ४:२५

गावात कितीतरी बायकांना असतो आणि कुणी बोलत नाही, म्हणून कुणाला दुखत नाही असं नाही होत हो. मी १२ वर्षं पदर पुढे ओढून काढली.

सिस्टरताई | १० जून, संध्या. ५:५०

रोखठोक, प्रश्न वाईट नाही. ३१ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, तेवढ्यावर उत्तर देते.

आईच्या पोटात बाळ सहा आठवड्यांचं असतं तेव्हा त्याच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एक रेघ तयार होते. मांजरीच्या पोटावर आचळांच्या दोन रांगा बघता ना, तीच ती रेघ. माणसात छातीवरची जागा सोडून बाकीची रेघ विरून जाते, आणि कुठे विरायची राहिली तर तिथे स्तनाचा टिश्यू उरतो. बहुतेकदा काखेतच. शंभरात २ ते ६ बायकांना असतो म्हणतात, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. ती चरबी नाही, खरी दुधाची ग्रंथी आहे, म्हणूनच पाळीत दुखते आणि बाळंतपणात फुगते. भोवतीची चरबी वजनाबरोबर उतरेल, ग्रंथी उतरत नाही.

प्रत्येकीला ऑपरेशन लागतं का? नाही. त्रास नसेल, सोनोग्राफी स्वच्छ असेल तर तसंच राहू दिलं तरी चालतं. पण स्तनाला जे जे आजार होतात ते सगळे या टिश्यूलाही होऊ शकतात, साधी गाठ होते आणि क्वचित कॅन्सरही. म्हणून काखेतली कुठलीही गाठ एकदा डॉक्टरला दाखवायचीच, "असेल चरबी" म्हणून सोडायची नाही. आणि हिला तर हात टेकवता येत नव्हता, कातडी सोलवटत होती. अजून कुठलं कारण हवं?

सागरवेळ बाळा, काढलेला टिश्यू तपासणीला गेला असेल, त्याचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो. जाऊन घे आणि फाईलला लाव. जखम भरली की लोक तो कागद विसरतात, मी पाहिलंय.

रोखठोक_मी | १० जून, संध्या. ६:१५

ताई, ग्रंथी आणि चरबी हा फरक मला खरंच माहीत नव्हता. सागरवेळ, माफ करा. माझ्या बहिणीला असंच आहे, ती भर मे महिन्यात लांब बाह्यांचे कपडे घालते, कधी विचारलं नाही का ते.

देवगडचा_बापूस | १० जून, रात्री ९:४०

मी नवऱ्यांच्या वतीने लिहितो. बायकोचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. जिथे केलं त्या हॉस्पिटलने घरी सोडताना ड्रेनबद्दल धड काहीच सांगितलं नाही, नुसतं "दोन दिवसांनी या". घरी आल्यावर रात्री तो प्लास्टिकचा फुगा टम्म भरला तर आम्ही दोघंही घाबरून गेलो. मग ओळखीच्या एका सिस्टरने फोनवर शिकवलं. ज्यांच्या नळ्या अजून आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

हात साबणाने धुवायचे. फुग्याचं बूच उघडून मापाच्या कपात ओतायचं, मि.ली. बघायचं, मग फुगा मुठीत दाबून चपटा करायचा आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं, नाहीतर तो आतलं पाणी ओढतच नाही. हे सकाळ-संध्याकाळ, आणि वहीत तारीख, आकडा, रंग. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळट होत जातं. २४ तासांत साधारण ३० मि.ली.च्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. आमची वही अशी होती: ८५, ६०, ४५, ३०, २०. पाचव्या दिवशी सुटका. नळी परकराच्या नाडीला सेफ्टीपिनने अडकवून ठेवायची म्हणजे लोंबकळत नाही, पिन नळीला नाही, फुग्याच्या कडीला लावायची.

आणि मंडळी, हात वर न करता गाऊन घालता येत नाही. पुढून बटणं असलेले माझे जुने सदरे तिने महिनाभर वापरले.

मालवणचा_म्हातारा | १० जून, रात्री १०:०२

गो बाये, घाबरा नको. माज्या सुनेचा पण असाच झाला होता. सासूक सांग, हात काय कलम नाय बांधून ठेवूक. डॉक्टराक इचार आणि हलवीत रव.

सागरवेळ | ११ जून, सकाळी ८:१५

आजोबा, तुमचं वाक्य सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या हसल्या, मी पण हसले आणि टाके ओढले. :) ओढणी सुटली. काल रात्री चादरीच्या वळकट्या ठेवून झोपले, नऊ दिवसांत पहिल्यांदा सलग चार तास झोप लागली. आबोली, तुला काय म्हणू.

कोकमआगळ, खाण्याचं विचारू नका. सोमवारी मिरगाचा कोंबडा झाला, सगळ्यांनी वडे-सागोती खाल्ली आणि मला मऊभात. जखमेत पू होईल म्हणून मासे बंद, अंडी बंद, दही बंद, आंबट बंद.

सिस्टरताई | ११ जून, सकाळी ९:३०

पू जंतूंमुळे होतो, बांगड्यामुळे नाही. जखम भरायला प्रोटीन लागतं, ते मासे, अंडी, चिकन, डाळ, कुळीथ यातूनच येणार. पेज-मऊभात पहिले दोन दिवस ठीक, भुलीनंतर पोट नाजूक असतं. आता नवव्या-दहाव्या दिवशी नुसत्या भातावर ठेवलं तर अशक्तपणा येईल. लिंबू, पेरू, आवळा पण हवा. ज्या माशाची ॲलर्जी आहे तो मात्र नाही. डायबिटीस असेल तर साखर ताब्यात ठेवायची, जखम लांबण्याचं ते मोठं कारण असतं.

कोकमआगळ | ११ जून, सकाळी १०:०५

कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, भाजलेला बांगडा. वर सोलकढी. मी तर डॉक्टर नाही पण हे प्रिस्क्रिप्शन कुणी नाकारणार नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट कडक होतं, त्यासाठी पाणी भरपूर आणि लाल केळं. जोर करावा लागला की छातीवर, काखेत सगळीकडे ताण येतो, हे माझ्या वहिनीचं सांगणं.

पाऊसवेडी | ११ जून, दुपारी १:२०

घामाचं कुणी लिहिलंच नाही अजून! मी गुहागरची. माझं ऑपरेशन मुद्दाम जानेवारीत करून घेतलं कारण सर्जननीच सांगितलं होतं की आपल्या हवेत काखेची जखम कोरडी ठेवणं हेच अर्धं काम. तुझं आता झालंय तर हे कर. प्रेशरचं जॅकेट एक नाही, दोन घे. एक अंगावर, एक वाळत. पावसात ते दोन दिवस वाळत नाही, म्हणून हलक्या हाताने धुवून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, टॉवेल पाणी पितो, मग पंख्याखाली. ओलसर चढवलंस तर दोन दिवसांत खाज आणि लाल चट्टे, बुरशीच. जॅकेटच्या आत काखेपाशी मऊ सुती कापडाची घडी ठेव, जुन्या धुतलेल्या साडीची सगळ्यात छान, घामेजली की बदल. लाईट गेली तर हातपंखा घे, पण तो दुसऱ्याने हलवायचा.

अंघोळ डॉक्टरनी परवानगी दिल्यावरच. नंतर काख चोळायची नाही, टिपायची. पावडर, डिओ, तुरटी, हळद काहीही नाही जखम पूर्ण मिटेपर्यंत.

आजी_पणदूरच्या | ११ जून, दुपारी ३:००

हळद का नको? आम्ही पिढ्यान् पिढ्या लावतो.

सिस्टरताई | ११ जून, दुपारी ३:४०

आजी, दुधातून द्या, भाजीत घाला, काही म्हणणं नाही. पण टाक्यांवर स्वयंपाकघरातली पूड नको. ती निर्जंतुक नसते, टाक्यात कण अडकतात, आणि पिवळ्या रंगाखाली लाली आली आहे की नाही ते डॉक्टरला दिसत नाही.

आता धोक्याच्या खुणा लिहिते, सगळ्यांनी लक्षात ठेवा. ताप १०१ च्या वर. जखमेभोवती लाली पसरत चालली, गरम लागतं, घाण वास किंवा पू. एक बाजू अचानक फुगली आणि कातडी ताणून निळी-जांभळी झाली, हे बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, आत रक्त साचतं, त्यात सकाळची वाट बघायची नाही. पोटरी दुखून सुजली किंवा एकदम दम लागला तर सरळ हॉस्पिटल. गाव आडबाजूला असेल, खाडीपलीकडे असेल, तर पहिले आठ दिवस गाडीची सोय बोलून ठेवावी.

आणि ड्रेन काढल्यावर काखेत पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटलं तर घाबरायचं नाही. त्याला सेरोमा म्हणतात, थोडं असेल तर आपोआप जिरतं, जास्त असेल तर ओपीडीत सुईने काढतात. घरी दाबून काढायचं नाही.

वाचनमात्र | १२ जून, रात्री ११:५५

मी कधी लिहीत नाही. माझं वय २३ आहे, लग्न ठरतंय. मला दोन्ही काखांत आहे. घरी कुणालाच सांगितलं नाही. ऑपरेशन केलं तर पुढे बाळाला पाजता येतं का? आणि व्रण किती दिसतो?

सिस्टरताई | १३ जून, सकाळी ७:१०

येतं. काखेतला टिश्यू वेगळा, छातीवरचा स्तन वेगळा, दूध तिथून येतं. स्तनाचं एक शेपूट मात्र काखेकडे गेलेलं असतं सगळ्यांचंच, जेम्स स्पेन्स या स्कॉटिश सर्जनच्या नावाने त्याला टेल ऑफ स्पेन्स म्हणतात. तुझं ते शेपूट आहे की वेगळा टिश्यू, हे तपासून आणि सोनोग्राफीत कळेल. पहिली पायरी तेवढीच, सोनोग्राफी. घाई काही नाही. आईला सांग ग, एकटीने नको.

आबोली_रत्नांग्री | १३ जून, सकाळी ९:००

व्रणाचं मी सांगते. काखेच्या घडीत असतो, आडवा. पहिले तीन महिने लाल, उंचवटा, खाज. मग फिकट होत जातो, पूर्ण मुरायला वर्ष-दीड वर्ष. जखम पूर्ण मिटल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मी डॉक्टरना विचारून सिलिकॉन जेल लावलं आणि बोटाने गोल गोल मालिश, खोबरेल तेलाने, दोन वेळा पाच-पाच मिनिटं. ज्यांच्या अंगावर जखमेचे जाड लालसर फुगवटे येतात, कीलॉइड, त्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरना सांगावं.

एक अजून. बधिर काखेवर ब्लेड फिरवू नका, कापलेलं कळतच नाही. मी ट्रिमर वापरते.

देवगडचा_बापूस | १३ जून, दुपारी १२:३०

पैशाचं पण सांगून ठेवतो. आमच्या विमा कंपनीने आधी "कॉस्मेटिक" म्हणून नकार दिला होता. मग सर्जनने पत्र दिलं की दुखतं, हाताची हालचाल अडते, कातडीला इन्फेक्शन होतं, सोबत सोनोग्राफी जोडली, तेव्हा मंजूर झालं. हे पत्र ऑपरेशनच्या आधी घ्यावं.

सागरवेळ | १३ जून, दुपारी १:१५

मला वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकायचंय, हे फार उपयोगी पडेल. रजा पण वाढवून घेतेय, २२ जूनला फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर होईन.

वाचनमात्र, मी तुझ्या वयाची असताना असंच गप्प बसले होते. सोनोग्राफी झाली की इथे नुसतं "झाली" एवढं लिही.

घाटमाथा | १३ जून, दुपारी ४:५०

शाळेत जाणार कशावरून? स्कूटीवर नको हो. माझ्या बायकोने तिसऱ्या आठवड्यात गाडी काढली, खड्ड्यात हँडल ओढलं गेलं आणि आठवडाभर काख सुजली. एसटीने जा, पण वरचा दांडा धरून उभं राहायचं नाही, कंडक्टरला सांगून बसायला जागा घ्या. कारमध्ये सीटबेल्ट लावायचाच, फक्त काखेपाशी छोटा टॉवेल घडी करून ठेवा.

सागरवेळ | २९ जून, संध्या. ७:२०

अपडेट देते. रिपोर्ट आला, साधा स्तनाचा टिश्यू, वाईट काही नाही. तो कागद हातात घेतला तेव्हा कळलं मी किती घाबरले होते.

शाळेत हजर झाले. पहिल्या आठवड्यात फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिलं. पहिलीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्यासाठी खाली लिहिता ना, आम्हाला नीट दिसतं."

पण चार दिवसांपासून डाव्या काखेत एक दोरी आलीय. हात वर केला की काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेली तार दिसते, गळाची तंगूस ताणावी तशी. हे काय नवीन?

वाशिष्ठीकाठची | २९ जून, रात्री ८:०५

घाबरू नका, तुमचं तंगूस अगदी बरोबर आहे, त्याला कॉर्डिंग म्हणतात. काखेतल्या बारीक लसीकावाहिन्या (पेशींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) दुखावल्या की त्या आखडून अशी दोरी होते, ऑपरेशननंतर दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान बऱ्याच जणींना दिसते. काखेतल्या कुठल्याही ऑपरेशननंतर होऊ शकते. हात हलवायचा थांबवणं हीच चूक होते यात. भिंतीचा व्यायाम चालू ठेवा, आधी दहा मिनिटं कोमट शेक, पण बधिर भागावर शेकताना दुसऱ्या हाताने उष्णता तपासा नाहीतर भाजेल. दोरीवर हलक्या बोटांनी ताण द्यायचा, तो एकदा समोर बसून शिकायला हवा, तेव्हा जवळच्या फिजिओकडे दोन-तीनदा जा. आठवड्या-महिन्यांत विरते.

भिंतीवरची खूण कुठवर आली?

सागरवेळ | २९ जून, रात्री ८:३०

उजवी दाराच्या चौकटीच्या वर, डावी कडीपाशी. मुलीने पण आपली खूण केलीय शेजारी, रोज माझ्याबरोबर चढते.

वाचनमात्र | ६ जुलै, रात्री १०:४०

झाली. आई बरोबर होती. तिलाही आहे म्हणाली, एवढी वर्षं.

आबोली_रत्नांग्री | ६ जुलै, रात्री १०:४४

ग बाई. दोघींना खूप प्रेम.

कोकमआगळ | ७ जुलै, सकाळी ७:३०

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आईच शेजारी होती. मायलेकींना गोड खायला घाला कुणीतरी.

लांजेकरीण | २६ जुलै, दुपारी २:१०

सगळा धागा एका दमात वाचला. माझं पुढच्या महिन्यात ठरतंय पण त्यानंतर १५ दिवसांनी गणपती, घरी दीड दिवसाचा, मोदक सगळे माझ्याच हातचे. जमेल का?

पाऊसवेडी | २६ जुलै, दुपारी ३:००

नाही जमणार. मोदक वळायला बोटं चालतील, पण नारळ खोवणं, मोठं पातेलं उतरवणं, वरचे डबे काढणं, पाहुणे. चतुर्थीनंतर घ्या, पाऊसही ओसरतो.

वाशिष्ठीकाठची | २६ जुलै, दुपारी ३:२०

पूर्ण सहमत. घाईचं ऑपरेशन नाहीये, तारीख आपल्या हातात असते. बाळ पीत असेल तर पिणं सुटल्यावर काही महिने थांबायलाही सांगतात, टिश्यू आटतो आणि नक्की किती काढायचं ते दिसतं.

सागरवेळ | २६ जुलै, संध्या. ६:४५

लांजेकरीण, थांबा, खरंच. मला घाई शाळेची होती, तुम्हाला गणपतीची.

उद्या आठ आठवडे होतील. डावी दोरी फिजिओकडे चार वेळा जाऊन विरली, एकदा तर दाबताना टक् असा बारीक आवाज आला आणि हात एकदम वर गेला, मी दचकलेच. दंड अजून बधिर आहे, मधे मधे मुंग्या. काल फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वार लिहिला, टाचा न उचलता.

मालवणचा_म्हातारा | २६ जुलै, रात्री ९:१५

बरा झाला गो बाये. सासू काय म्हणता?

सागरवेळ | २६ जुलै, रात्री ९:३०

आजोबा, काल मी पडवीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर दोरी वीतभर खाली आलेली. विचारलं तर म्हणाल्या, "खिळा सैल झाला होता." खिळा नवीन होता.